वायर आमची, टॉवर काकांचा

मी अंगणवाडी सेविका आहे. लोहाऱ्याहून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. लेकरांना खाऊ घालणं, वजन करणं, उंची मोजणं हे काम मला कधी जड गेलं नाही. जड गेलं ते हे सगळं मोबाइलमध्ये भरणं. लेकरू दोन मिनिटांत मोजून व्हायचं, पण त्याचं वजन सरकारला कळायला अर्धा दिवस लागायचा. स्क्रीनवर एक गोल फिरत राहायचा आणि मी वजनकाट्याशेजारी बसून तो गोल बघत राहायची. लेकरं मला विचारायची, "बाई, ह्ये काय सिनेमा हाय का?"

गावात नेटवर्क नव्हतं असं नाही. माळावर टॉवर उभा होता, मोबाइलवर काड्या पूर्ण दिसायच्या. पण काड्या पूर्ण आणि काम शून्य. कारण गावातला प्रत्येक माणूस त्याच टॉवरला लटकलेला. त्यात रोजचा डेटा रोज संपवायचा, नाही संपवला तर वाया जातो, हा कंपनीचा नियम. माझे सासरे हा नियम मनावर घेतलेल्यांपैकी पहिले.

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन काही वर्षं झाली. जेवण झालं की चष्मा लावून आज किती डेटा उरला ते बघायचे आणि उरलेला संपवायला बसायचे. त्यांना काही बघायचं असायचं असं नाही. समुद्रातली मासेमारी, लाकडाच्या वखारीतली करवत, कुठल्या तरी देशात बर्फात अडकलेली रेल्वे, असलं काहीही लावायचे.

आत्या म्हणायच्या, "आवो, झोप आलीय तर झोपा की."

"पैसे मोजल्यात आपुन. एक एमबी सोडणार न्हाय."

डोळे मिटत असायचे, तोंडाचा आ झालेला असायचा, आणि छातीवर रेल्वे बर्फातून चाललेली असायची. असे प्रत्येक घरात एक-दोन मामा. मग टॉवर काय करणार?

एके दिवशी तालुक्याहून एक माणूस मोटारसायकलला वायरचं भेंडोळं बांधून आला. वायर जळकोटाकडून हायवेच्या कडेनं आलीच होती, तिथून खांबांवरून आमच्या गावापर्यंत पोचली होती. आता घरोघर जोडणी द्यायची होती. तो ओट्यावर बसला आणि वायरवरचं इंटरनेट कसं टॉवरपेक्षा पळतं ते सांगू लागला. मामांनी त्याला चहा पाजला आणि मग तिकीट तपासावं तसं त्याला तपासायला घेतलं.

"टावर कुणाचा?"

"आमच्याच कंपनीचा, मामा."

"आन् ही वायर?"

"ती बी आमचीच."

"मग आपल्याच टावरवरलं गिऱ्हाईक आपल्याच वायरवर कशाला न्यायलाव?"

तो माणूस हसला. म्हणाला, टॉवरवर लोड झालाय. लोक तक्रारी करतात, काही तर दुसऱ्या कंपनीत चाललेत. दुसरा टॉवर उभा करायचा तर खर्च फार. त्यापेक्षा घरात बसून बघणारे लोक वायरवर घेतले तर टॉवर मोकळा होतो, आणि वायर टाकायला त्यामानानं काहीच लागत नाही.

मामांना हे एका झटक्यात कळलं. नवरात्रात तुळजापूरला ज्यादा गाड्या सोडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. गर्दी कुठं वळवली की कुठं जागा होते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मग म्हणाले, "म्हंजे म्या वायर घेतली तर तुमचा टावरचा खर्च वाचतोय."

"व्हय."

"मग पैसे म्या का द्यायचे? तुमी मला द्या."

त्या माणसाचा चहाचा कप तोंडाशीच राहिला. मलाही आधी हसू आलं आणि नंतर वाटलं, खोटं काय बोलले? तो म्हणाला, "मामा, इतकी घरं फिरलो, आजपातुर ह्ये कुणी इचारलं न्हाय." मामा म्हणाले, "कुणी इचारलं न्हाय म्हणून तर तुमचं चाललंय." अर्धा तास वाद झाला. शेवटी डिपॉझिट माफ, वायफायचा डबा फुकट आणि पहिला महिना फुकट एवढ्यावर तोडगा निघाला. तो माणूस लिंबाच्या झाडावर चढून वायर ओढून गेला तेव्हा घामानं भिजला होता. तो घाम झाडावर चढल्याचा की मामांशी बोलल्याचा, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तीस लेकरांची वजनं ओट्यावर बसून भरली. चहा निवायच्या आत काम संपलं. मला एवढं रिकामं वाटलं की मी उठून शेंगा फोडायला बसले.

हे सुख आठ दिवस टिकलं. पासवर्ड मामांनी ठेवला होता, एसटी आणि पुढं त्यांचा बिल्ला नंबर. कुणाला कळायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. पण तीस वर्षं पारावर बसून "अमुक नंबरच्या बिल्ल्यावर एक बी तक्रार न्हाय" असं त्यांनीच गावाला ऐकवलं होतं. नंबर लेकराबाळांना पाठ. पहिल्यांदा शेजारचे आले, मग त्यांचे पाहुणे, मग आळी. दिवस मावळायच्या आत ओटा भरायचा. ओट्यावर जागा नसली की माणसं भिंतीला टेकायची, बाया गोठ्याच्या बाजूला खिडकीखाली बसायच्या, कारण तिथं बरं पकडायचं. दारात चपलांचा ढीग. आत्यांच्या चहाला सुमार राहिला नाही.

मामांना आधी हे आवडलं. त्यांची गाडी पुन्हा भरली होती. उभे राहून सांगायचे, "शाळंचं काम असलेले फुडं. पिच्चरवाले मागं सरका. मदी कुणी थांबू नका." पण ऐकतंय कोण? आणि डबा काही एसटी नव्हता. इतकी माणसं बसली की तोही हाशहुश करायचा. महिना संपायच्या आत गोल परत फिरू लागला, फक्त आता तो आमच्या पैशानं फिरत होता.

त्याच सुमाराला मेंढरंवाले काका भेटले. आमच्या घरामागं त्यांचं घर. ते, काकू आणि बारावी झालेली एक लेक. काका दिवसभर माळावर मेंढरांमागं असायचे. आमच्या ओट्यावर ते कधी आले नाहीत. त्या दिवशी थांबून मामांना म्हणाले, "दादा, तुमच्या वायरनं लई बरं झालं बगा."

"तुमी कुठं आलाव वायरवर?"

"तेच तर म्हणायलाव. समदा गाव तुमच्या वायरवर गेला. टावर मोकळा पडलाय. माळावर आता कसं, म्हशीच्या धारंसारखं चालतंय. मदी थांबत म्हणून न्हाय."

काका खुशाल बोलून गेले. मामा मात्र पाणी न पिता आत आले. आत्यांना म्हणाले, "बिल कुणाचं? आपलं. चहा कुणाचा? आपला. आन् मजा कुणाची? ज्यानं वायर घेतली न्हाय त्याची."

आत्या म्हणाल्या, "मग तुमी बी जावा माळावर."

आत्या चिडून बोलल्या होत्या. पण दोन दिवसांनी माझा अहवाल द्यायचा होता. घरी गोल फिरत होता, ओट्यावर पंधरा माणसं होती. मी खरं कुणाला न सांगता मोबाइल पदराखाली घेतला आणि "काकूंकडं जाते" म्हणून सरळ माळ गाठला. टॉवरच्या खाली, कुंपणाच्या सावलीत, एका दगडावर मामा बसले होते. मोबाइलवर मासेमारी चालली होती.

मला बघून त्यांनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

"तू हितं?"

"मामा, तुम्ही हितं?"

"म्या जरा फिराया आलतो."

"मी पण."

मग त्यांनी दगडावर बाजूला सरकून मला जागा दिली. मी वजनं भरली, सगळी गेली. घरी परतताना म्हणाले, "घरी बोलू नको." मी बोलले नाही. पण आम्हाला माळावरून येताना बघणाऱ्यांनी बघितलं आणि चार दिवसांत ओट्यावरची अर्धी माणसं माळावर. मग माळावर गोल फिरायला लागला आणि ओटा मोकळा झाला. मग ती माणसं परत ओट्यावर. असं आठवडाभर गाव इकडून तिकडं हेलपाटे घालत राहिलं. काका मेंढरांसोबत बघत बसायचे. ते एकटेच कुठं गेले नाहीत.

आता त्या मॅचच्या दिवसाचं सांगते.

काकांच्या लेकीला नर्सिंगला जायचं होतं. मार्क चांगले होते. दाखले गोळा करायलाच तिला महिना लागला होता, आणि शेवटचा कागद हातात आला तो फॉर्मच्या शेवटच्या दिवशी, दुपारी. पाचला फॉर्म बंद होणार होता. ती साडेतीनला आमच्याकडं आली. तिच्याकडं मोबाइल होता, पण त्यातलं सिम बंद होतं. आमची वायर आल्यापासून काकांनी तिचं रिचार्ज बंद केलं होतं. वायफायवर भागतंय तर दोन रिचार्ज कशाला?

आणि नेमकी त्या दिवशी भारताची मॅच होती. टीव्हीचं रिचार्ज आता गावात कुणी मारत नाही, सगळे मोबाइलवर बघतात. आमच्या ओट्यावर मुंगीला जागा नव्हती. मामा मधोमध बसलेले. लेकीचा फॉर्म उघडायलाच दहा मिनिटं लागली. फोटो पन्नास केबीच्या आत पाहिजे होता, तो आम्ही एवढा बारीक केला की ती ओळखू येईना. पण तो बारीक फोटोसुद्धा जाईना.

सव्वाचारला मी बाहेर जाऊन मामांना सांगितलं. मामांनी एक चौकार बघितला, उठले, आत आले आणि डब्याचा पासवर्ड बदलून टाकला. हे वायरवाल्यानं त्यांना शिकवून ठेवलं होतं. ओट्यावर एकदम ओरडा झाला, जणू भारताची विकेट गेली. "मामा! गेलं की ओ!" मामा दारात उभे राहून म्हणाले, "गाडी रिझर्व हाय. उतरा समदे."

माणसं पुटपुटत उठली, आपापला मोबाइल डेटा चालू करत पांगली. इकडं फोटो गेला, दाखले गेले, मार्कशीट गेली. लेक पहिल्यांदा हसली. शेवटचं बटण दाबलं आणि स्क्रीनवर आलं, नोंदवलेल्या मोबाइल नंबरवर ओटीपी पाठवला आहे.

नोंदवलेला नंबर काकांचा होता. काका माळावर होते.

मी माझ्या मोबाइलवरून काकांना फोन लावला. या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत. परत लावला. व्यस्त. साडेचार वाजून गेले. काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी हातातला खराटासुद्धा खाली ठेवला नव्हता. मामा म्हणाले, "म्या पळत जातो." त्यांचे गुडघे बघता ते सहाला पोचले असते. मी गाडी काढायला म्हणून उठले, तर काका माळावर नक्की कुठं असतील ते काकूंनाही सांगता येईना. मेंढरं जातील तिकडं.

लेक मात्र खाटेवर शांत बसून विचार करत होती. म्हणाली, "मामा, तुम्ही सगळ्यांला आपल्या वायरवरून उतरवलं. ते कुठं गेले?"

"टावरवर."

"मग आता टावरवरून बी उतरवा. भोंग्यावरून सांगा."

मामा मारुतीच्या देवळाकडं निघाले. पळाले म्हणणार नाही, पण मी त्यांना तसं जाताना आधी कधी बघितलं नव्हतं. दोन मिनिटांत भोंगा खरखरला.

"गावकऱ्यांनो, म्या बोलायलाव. मॅच बंद करा. समद्यांनी मॅच बंद करा. मेंढरंवाल्याच्या लेकीचा नर्सिंगचा फारम अडकलाय. टावर मोकळा पायजे. मोबाइलमदी इमानाचं चित्र हाय, ते दाबा. ज्याला इमान घावंना त्यानं मोबाइलच बंद करा. म्या सांगस्तोवर कुणी चालू करायचं न्हाय. माजा बी बंद केलाय, ह्ये बगा."

आणि नंतर कळलं, त्यांनी खरंच मोबाइल माइकसमोर वर धरून दाखवला होता.

गल्लीतून एक आवाज आला, "मामा, सहाच ओव्हर ऱ्हायल्यात!" भोंग्यावरून मामा म्हणाले, "ऐकू आलंय मला. दाब इमान." तो आवाज देवळापर्यंत गेला कसा, मला अजून कळलेलं नाही. बहुतेक तो माणूस देवळाच्या पायरीवरच बसला असावा. आणि मग गाव गप्प झालं. खरंच गप्प. कुठून एक रील ऐकू येईना. गोठ्यात गाय कडबा खातेय ते ऐकू येत होतं. बाया घराबाहेर येऊन एकमेकींना विचारू लागल्या, "दाबलं का ग इमान?"

मी फोन लावला. एका रिंगमध्ये काका.

"काका, मोबाइलवर आकडे आलेत का? मेसेज? बघा लवकर!"

"थांब. फोन कानाला हाय, बगू कसा?"

"स्पीकर लावा!"

खुडबुड झाली. मेंढरं ओरडत होती. "आलेत. सांगतो. चार. नऊ. मग... ह्ये सात हाय का एक?"

"तुम्हाला काय वाटतंय?"

"वर टोपी हाय त्याला."

"सात!" आम्ही तिघी एकदम. पण तोवर त्या आकड्यांची मुदत संपली. लेकीनं परत पाठवायला सांगितलं. परत आले. "आठ. दोन. दोन. शून्य." काका आता जोशात होते. "टोपीवाला. आन् एक बिगरटोपीचा."

लेकीनं आकडे टाकले. डोळे मिटून बटण दाबलं. हिरवी खूण आली. पाचला बारा मिनिटं कमी होती. काकूंनी खराटा हातात धरूनच लेकीला मिठी मारली आणि तिच्या केसांत भरपूर काडीकचरा घातला. मामा देवळातून आले, त्यांनी स्क्रीन बघितली, अर्जाचा नंबर वाचला, दोनदा वाचला. आत्यांनी सगळ्यांसाठी शिरा टाकला. आम्ही सगळ्यांनी आत बसून शिरा खाल्ला, चहा प्यालो, लेकीनं पुढं कुठं राहायचं, कपडे किती न्यायचे, सगळं बोललो.

पाऊण तासानं ओट्यावर चार-पाच माणसं येऊन उभी राहिली. त्यातले एक शहाणे, मामांच्याच वयाचे, म्हणाले, "मामा, आता चालू करावं का?"

मामांनी कपाळाला हात लावला. "चालू करा" म्हणायला ते साफ विसरले होते, आणि अर्धं गाव विमान दाबून इमानदारीत बसलं होतं. मॅच कधीच संपली होती.

"जिंकलो का हरलो?" मामांनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं.

एवढ्यात काका मेंढरं घेऊन आले. चेहरा असा फुललेला की आम्हाला वाटलं, फॉर्मचा आनंद आहे. होताच. पण त्यांचं विमान कुणी दाबलं नव्हतं. आकडे सांगून झाल्यावर सगळ्या माळावर, सगळ्या टॉवरवर ते एकटे होते. शेवटच्या चार ओव्हर त्यांनी अशा बघितल्या की बॅटच्या कडेला लागलेला चेंडूसुद्धा स्वच्छ दिसला.

मेंढरं तशीच दारात ठेवून काका ओट्यावर बसले. गाव भोवती जमलं. आणि त्या माणसानं चार ओव्हर दीड तास सांगितल्या. बॉलर कसा पळत आला, कसा थांबला, घाम कसा पुसला. मधेच चहा मागितला. "फुडं सांगा की काका!" म्हटलं की म्हणायचे, "थांबा, फिल्डिंग लावायलेत." शेवटचा चेंडू पडायच्या आत ते उठून एक मेंढरू हाकलून आले. जिंकलो होतो. मामा सगळ्यात पुढं, मांडी घालून, तोंड उघडं टाकून ऐकत होते.

पुढच्या महिन्यात वायरवाला परत आला. एका घरात इतका वापर कसा, हे बघायला कंपनीनं पाठवलं होतं. मामांनी त्याला ओटा दाखवला. म्हणाले, गावातले सात जण वायर घ्यायला तयार आहेत, म्या बोलून ठेवलंय, पण प्रत्येकामागं माझा एक महिना माफ. या वेळी तो वाद घालत बसला नाही, लगेच हो म्हणाला. आता लिंबाच्या झाडावर इतक्या वायरी आहेत की कावळे गोंधळतात. ओटा रिकामा असतो. आत्यांना त्यामुळं करमत नाही, संध्याकाळी त्या उगीच दारात येऊन बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला चहाला बोलावतात.

काकांनी वायर घेतली नाही. वायरवाल्यानं खूप समजावलं. काका म्हणाले, "मेंढरं फिरत्यात, वायर फिरत न्हाय." वायरवाल्यानं भेंडोळं परत मोटारसायकलला बांधलं.

लेकीचा लातूरला नंबर लागला. आता ती तिथं होस्टेलवर असते. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती काकांना व्हिडिओ कॉल करते. काका बांधावर बसून मोबाइल लांब धरतात, स्वतःचं अर्धं कपाळच दाखवतात. परवा मी खुरपायला गेले होते, तर पलीकडून तिचा आवाज येत होता, "बाबा, तुमी नको, ते नवं कोकरू दाखवा." काका कोकराच्या मागं पळत होते आणि ते काही मोबाइलसमोर उभं राहीना.